रेघ उठावाची की खोल?
भाऊ, नाण्यातला दोष टांकसाळीतलाच की नंतर कुणी केलेला, हे ओळखायचं तर आधी नाण्यावरची रेघ १०पट भिंगाखाली तिरक्या उजेडात बघा. उठावाची असेल तर ठसा (नाणं छापायचा साचा) तडकलेला, म्हणजे टांकसाळीची चूक. खोल असेल तर बहुतेक ओरखडाच. कडेचा तुकडा कमी दिसला की बरोबर समोरची कड तपासा. छापण्याआधीची कोरी चकतीच अपुरी कापली गेली असेल तर तिथली कड बहुधा दबलेली, पुसट असते. कानसलेल्या नाण्यात ती ठसठशीत राहते. मग जळगावच्या एखाद्या सराफाकडे ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. २०११ ते २०१८ मधला स्टीलचा रुपया ३.७९ ग्रॅमचा. ॲसिडात बुडवलेला हलका भरतो, अक्षरंही विरतात. भुसावळच्या रुळावर चेपलेला मात्र पसरट होऊनही वजनाला जवळपास पूर्ण भरतो, म्हणून एकट्या काट्यावर विसंबू नका. आणि चिंचेने घासून चकाकवू तर नकाच!