आंबिलीला कशाला दोष?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आमचं शेत औसा तालुक्यात आहे. दरवर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, लेकरांना घेऊन जातो. दिवसभर कोपीपाशी बसायचं, जेवण झालं की तिथंच कडब्यावर लवंडायचं. दुसऱ्या दिवशी लेकरांच्या कमरेला, घोट्यांना गांधी उठतात. रात्ररात्र खाजवतात. सासूबाई म्हणतात, आंबील जास्त झाली. मी डासांची क्रीम तोंडाला, हातांना लावून नेते, तरी तेच. यंदा काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आंबील निर्दोष आहे; सासूबाईंना सांगताना मात्र जपून सांगा! खाण्यानं उठलेली गांध 24 तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे उठते. चाव्याची गाठ जागची हलत नाही, मधोमध बारीक टिपकाही दिसतो.

कोण चावलं, ते जागेवरून ओळखायचं. डासाला उघडं अंग लागतं. पिसवा जमिनीवरून उडी मारतात, म्हणून घोटे आणि पिंडऱ्या. कोपीजवळ कुत्रं किंवा शेरडं असली की त्या आल्याच. नाडीखाली, मोज्याच्या काठाला खाज असेल, तर गवतातल्या कोळ्यांची (माइट) बारीक पिल्लं. वांग्यावर लाल कोळी पडतो ना, त्याचेच हे भाऊबंद. कपडा घट्ट बसतो तिथं येऊन थांबतात. पाठ, मान भरली असेल तर कडबा! त्यातले कोळी खरं तर किडींच्या अळ्यांवर जगतात, पण माणूस आडवा झाला की त्यालाही चावतात. खाज दुसऱ्या दिवशी सुटते, म्हणून बिचारी आंबील सापडते. लहानपणी मी कडब्याच्या गंजीवरून घसरायचे. एकदा पाठभर चुना लावून घेतला. खाज राहिली, कातडी गेली.

तोंडाला क्रीम लावून पायांची राखण होत नाही. घोट्यांना, पिंडऱ्यांना लावा. लेकरांच्या हातांना नको, हात तोंडात जातात. उन्हाची क्रीम लावणार असाल तर ती आधी. पायजमा मोज्यात खोचा, हसेनात का लोक. कडब्यावर जाड ताडपत्री टाकूनच बसा. आणि घरी आल्याआल्या, चहाच्याही आधी, साबणानं चोळून अंघोळ! गवतातली पिल्लं चावायला जागा शोधत बराच वेळ अंगावर फिरतात, तेवढ्यात धुऊन निघतात. कपडे गरम पाण्यात टाका.

तरी खाज सुटलीच तर गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन. लेकरांची नखं आदल्या दिवशीच कापा.

एक मात्र ध्यानात ठेवा. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप आला, डोकं ठणकलं, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेला न दुखणारी काळी खपली दिसली, तर गवतातल्या याच पिल्लांच्या चाव्यानं होणारा ताप, स्क्रब टायफस, असू शकतो. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी बरा होतो. दवाखान्यात गेलात की शेतात गवतावर बसलो होतो, हे आपण होऊन सांगा. तापाच्या पेशंटला ते कुणी विचारेलच असं नाही.