रंग गणपतीआधी की संक्रांतीनंतर?

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय: घर चिऱ्याचं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचा डिस्टेंपर दर दोन वर्षांनी पोपडे धरून गळतो. रंगारी डिस्टेंपरचे 14,000 सांगतो, बुरशीरोधक इमल्शनचे 24,000. दोन्हीत मजुरी 9,000. जानेवारीत मुदत संपणारी 50,000 ची ठेव आत्ताच मोडून गणपतीआधी चांगला रंग लावून घेऊ का?

ताई, इमल्शनच घ्या. पण ठेव मोडू नका, आणि गणपतीआधी या दोन खोल्यांना हात लावू नका.

आधी मजुरी बघा. डबा स्वस्त असो की महाग, खरवडणं, लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, दोन हात मारणं, सगळं तेवढंच. सहा वर्षांत तीनदा डिस्टेंपर म्हणजे 42,000, त्यातले 27,000 नुसते मजुरीचे. इमल्शन तेवढी वर्षं टिकलं तर 24,000 त भागतं. शिवाय फोडणीचे डाग ओल्या फडक्याने पुसता येतात. डिस्टेंपर पुसताना हाताला येतो.

मात्र हा हिशेब कोरड्या भिंतीचा आहे. चिरा म्हणजे जांभा दगड, तो पाणी पितो, आणि आपल्याकडे पाऊस वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात. श्रावणात भिंतीत मुरलेली ओल इमल्शनच्या थराखाली अडकते, मग फुगे येतात. ऑइलपेंटचं तर त्याहून वाईट. 24,000 घालून पुढच्या आषाढात तेच पोपडे बघायला मला तुम्हाला लावायचं नाही.

म्हणून एक बिनखर्चाची परीक्षा. हातभर प्लॅस्टिक चारी कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावा, दिवसभराने बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल आतून येतेय: गळका नळ, टाइल्सचे सांधे, बाहेरचा तडकलेला गिलावा. पहिला पैसा तिथे. पाणी बाहेरच्या बाजूला दिसलं तर ती वाफ. न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन बसवा, रंगाआधी. लांबी सिमेंटची सांगा, बुरशी धुऊन वाळल्यावरच प्रायमर.

ठेव आत्ता मोडलीत तर बँक जेवढे दिवस पैसे राहिले तेवढ्याचाच दर देते, वर बहुतेक ठिकाणी अर्धा-एक टक्का कापते. ही रक्कम फार नाही, हे कबूल. पण ती भरून काम मात्र वाईट हंगामात होणार. जानेवारीत भिंती सुकलेल्या असतील आणि ठेवही पूर्ण व्याजासह हातात येईल.

गणपतीत घर मळकं नको, हे मला पुरतं कळतं. ओटीवर मखरामागची भिंत कोरडी असेल तर तेवढीच डिस्टेंपरने रंगवा. आणि रंगाऱ्याला जानेवारीची तारीख आत्ताच सांगून ठेवा. शिमग्याआधी त्याला सगळ्यांचीच बोलावणी असतात.