रावेरकडे केळीच्या बांधावर वाऱ्यासाठी काळा पॉपलर चालेल का? रोपवाला देतोय ते खरंच काळं आहे हे कसं ओळखायचं?

भाऊ, बांधावर पॉपलर नकोच. ओळखायचं कसं, ते मात्र सांगतो.

आपल्या देशात पॉपलर म्हणून विकली जाणारी रोपं बहुतेक अमेरिकन पॉपलरची (पॉप्युलस डेल्टॉइडिस) असतात. यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांना लागतो तो हाच. काळा पॉपलर (पॉप्युलस नायग्रा) मूळचा युरोप आणि पश्चिम आशियाकडचा. काश्मीरला गेलात तर रस्त्याकडेला सरळसोट उंच रांगा दिसतात, त्यात त्याचाच एक प्रकार असतो.

काळ्याचं पान लहान, शंकरपाळ्याच्या आकाराचं, टोक निमुळतं, कडेला बारीक दाते. अमेरिकनचं पान मोठं, त्रिकोणी, बुडाशी सपाट. देठ पानाला मिळतो तिथे बारीक ग्रंथी असतात. काळ्याला त्या नसतात. बारक्या झुळकीनंही पान थरथरतं म्हणून काळा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका; देठ दोघांचाही चपटा, दोघांचीही पानं थरथरतात. जुन्या झाडाची काळपट, खोल भेगांची साल आणि खोडावरच्या गाठी ही चांगली खूण, पण रोपावर ती कुठून दिसणार? त्यात दोघांचा संकरही होतो. फक्त रोप बघून छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा सावध राहा.

लागवड सोपी आहे. हिवाळ्यात पानं गळाली की वीतभर लांब, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या ओल्या मातीत खोचायच्या, एकदोन डोळे वर ठेवायचे. बियांच्या नादी लागू नका, त्या थोडेच दिवस टिकतात. नर-मादी झाडं वेगळी. मादीचा कापूस उडतो, म्हणून काडी नराची घ्यावी.

पण भारतात पॉपलरची शेती साधारण 28 अंश अक्षांशाच्या वर, पंजाब-हरियाणा-तराईत चालते. रावेर 21 अंशांवर. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, आणि भारी काळ्या जमिनीपेक्षा त्याला निचऱ्याची पोयट्याची जमीन मानवते. शिवाय पाणी मरणाचं पितो, म्हणजे केळीच्या तोंडचंच. सगळ्यात वाईट म्हणजे थंडीत तो निष्पर्ण होतो. डिसेंबर-जानेवारीच्या गार वाऱ्यात केळीला आडोसा हवा, तेव्हाच याच्या नुसत्या काड्या!

बांधाला आपली शेवरी दाट लावा, जोडीला गजराज गवत. वावराला लागून नाला असेल तर काठावर वाळुंज लावा. तोही पॉपलरच्याच कुळातला, काडीनंच लागतो. फक्त कोरड्या बांधावर नको, त्याला पाय ओले लागतात.