पेन स्टेटजवळ डोंगरातील सायकलिंगसाठी कोठे जावे?

आपण पुण्यात वेताळ टेकडीवर सायकल चालवता आणि येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठात शिकायला जात आहात. तेथे माउंटन बायकिंगची सोय आहे का आणि आपली सायकल सोबत न्यावी का, असे आपण विचारले आहे. मी त्याच गावात, म्हणजे स्टेट कॉलेजमध्ये, शिकत असताना चार वर्षे नियमित सायकल चालवली. सोय उत्तम आहे. मात्र तिथल्या डोंगराला लागणारे कसब आपल्या टेकडीपेक्षा वेगळे आहे आणि ते सावकाशच शिकावे लागते.

विद्यापीठापासून सुमारे आठ किलोमीटरवर, बोल्सबर्ग हे गाव ओलांडल्यावर, टसी डोंगराच्या पायथ्याशी गॅलब्रेथ गॅप ही खिंड आहे. तेथून रॉथरॉक राज्य वनक्षेत्रात शिरता येते. सुमारे ९६ हजार एकरांच्या या जंगलात जायला शुल्क पडत नाही. हा अ‍ॅपलेशियन रांगांचा प्रदेश असल्यामुळे लांबलचक समांतर डोंगर आणि त्यांच्यामध्ये दऱ्या अशी त्याची रचना आहे. माथ्यावर टस्कारोरा नावाचा अत्यंत कठीण वालुकाश्म आहे. आजूबाजूचे मऊ खडक झिजून गेले, हा टिकला, आणि हिमयुगातील कडाक्याच्या थंडीत फुटून त्याचे कोनेदार तुकडे उतारभर पसरले. वेताळ टेकडीवर मुरूम घसरतो म्हणून आपण वेग आवरतो. रॉथरॉकमध्ये वेग फारच आवरला तर पुढचे चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकते आणि पेडल तिसऱ्या दगडावर आपटते. त्यामुळे नजर चाकाजवळ न ठेवता चार-पाच मीटर पुढे ठेवावी, आणि टायर रुंद, ट्यूबलेस व हवा बेताची असावी. पहिल्या वेळी मी टायर कडक भरून थेट टसीच्या माथ्यावरच्या वाटेवर गेलो आणि निम्मे अंतर सायकल हातात धरून चाललो. आपण पहिले काही आठवडे लॉरेल रन रस्त्यासारख्या खडीच्या वनरस्त्यांवर चढाईचा सराव करावा आणि मग पायवाटांकडे वळावे.

उतारावर मधूनच एखादी सपाट, गोल जागा लागते आणि तिथली माती उकरली तर काळी निघते. १९व्या शतकात लोखंडाच्या भट्ट्यांसाठी येथे लाकडाचा कोळसा पाडत असत. जवळची ग्रीनवूड भट्टी १८३४ पासून १९०४ पर्यंत चालली. या उद्योगाने आणि लाकूडतोडीने डोंगर उघडे पडले. ज्यांचे नाव या जंगलाला आहे ते जोसेफ रॉथरॉक व्यवसायाने डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८९५ मध्ये ते राज्याचे पहिले वन आयुक्त झाले. आज आपण ज्या सावलीतून सायकल चालवतो ती बहुतांशी त्यानंतर वाढलेली आहे. मला त्या काळ्या मातीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नसे.

दगडांचा कंटाळा आला, तर मोटारीने सुमारे तासाभरावर, हंटिंग्डनजवळ, रेजटाउन तलावाकाठी अ‍ॅलेग्रिपिस वाटा आहेत. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या वाटा मुद्दाम सायकलसाठी आखलेल्या, गुळगुळीत आणि वळणावळणाच्या असून पावसानंतर लवकर वाळतात. नवख्या माणसाला मी आधी तेथेच नेईन.

ऑक्टोबरमध्ये पानगळ सुरू झाली की ओल्या पानांखाली दगड दिसेनासे होतात, म्हणून वाटा सप्टेंबरमध्येच ओळखीच्या करून घ्याव्यात. नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंग या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकी सणानंतरच्या शनिवारी, बंदुकीने हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवसांत जंगलात जायचेच असेल तर भडक नारिंगी जाकीट घालावे. गोचिडांकडे मात्र कधीच दुर्लक्ष करू नये, कारण त्यांच्यामुळे होणारा लाइम आजार या राज्यात फार आढळतो: घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत तपासून पाहावे. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा कोणत्या वाटेने जात आहोत हे खोलीतल्या मित्राला सांगून निघावे.

सायकलविषयी सांगायचे तर, आपल्या हार्डटेलच्या (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेल्या सायकलच्या) फ्रेममध्ये सव्वादोन इंच किंवा त्याहून रुंद टायर बसत असेल आणि डिस्क ब्रेक असतील, तर ती अवश्य न्यावी. तसे नसेल, तर विमानाच्या सामानाचा तो खर्च वाचवून तेथेच जुनी सायकल घ्यावी.