पोलीस / सरकारी वकील न टिकणारी, कालबाह्य कलमंसुद्धा मुद्दाम लावतात का?

हो, लावतात. फक्त आपल्याकडे ती सरकारी वकील नाही, पोलीस लावतात. एफआयआर आणि चार्जशीट दोन्ही तपास अधिकाऱ्याच्या हातचं काम, सरकारी वकिलापर्यंत फाईल येते तोवर कलमं ठरलेली असतात. मी फौजदारी केसेस चालवतो, रोज हेच बघतो.

असलं कलम बऱ्याचदा शिक्षा व्हावी म्हणून लावलेलंच नसतं, जामीन अवघड व्हावा म्हणून लावलेलं असतं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, मग सातच्या वरचं एखादं कलम जोडलं की तो अडसरच संपला. तसंच सरकारी कामात अडथळ्याचं कलम, जुन्या आयपीसीत ३५३, आता भारतीय न्याय संहितेत १३२. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, पण ऑफिसात नुसता आवाज चढवला तरी ते लागतं आणि अजामीनपात्र असल्यामुळे माणूस हादरतो.

कालबाह्य म्हणाल तर आयटी ॲक्टचं ६६अ, म्हणजे ऑनलाईन आक्षेपार्ह काही टाकलं तर लागणारं कलम. २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यातल्या एकीने तर ती पोस्ट फक्त लाईक केली होती!! त्यानंतरच श्रेया सिंघल या तरुणीची या कलमाविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका आली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी वेगवेगळ्या राज्यांत त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले, शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढावा लागला की चालू केसेसमधून ६६अ काढून टाका. सात वर्षं मेलेलं कलम! मला याचा खरंच राग येतो, कारण त्या काळात ज्याच्यावर ते लागलं त्याची नोकरी, पासपोर्ट, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं अडकलेलं असणार, आणि लावणाऱ्याला कोणी विचारत नाही.

सरकारी वकिलाचा दोष इथे येतो. तो पोलिसांचा वकील नाही, हे कलम बसत नाही असं कोर्टाला सांगणं त्याचंच काम आहे, पण फार थोडे सांगतात.

तुमच्यावर किंवा घरच्यांवर असं झालं असेल तर चार्ज फ्रेम व्हायच्या आधी, म्हणजे कोर्ट आरोप निश्चित करण्याआधी, डिस्चार्जचा (खटला चालवण्याआधीच आरोपातून मुक्त करा असा) अर्ज टाका. मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा) नव्या नागरिक सुरक्षा संहितेने चार्जशीटच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे नकला कधी मिळाल्या ती तारीख लिहून ठेवा. सगळी केसच पोकळ असेल तर हायकोर्टात क्वॉशिंग, म्हणजे केसच रद्द करून घेणं, त्याच संहितेचं कलम ५२८.