जुना गेम, नवा लॅपटॉप

प्रश्न: माझ्याकडे १९९३च्या 'डे ऑफ द टेन्टॅकल'ची सीडी आहे पण नवीन लॅपटॉपवर चालतच नाही, २०१६ची रिमास्टर्ड घेऊ का?

उत्तर: अहो, आजच्या ६४-बिट विंडोजवर डॉसचे (विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमचे) प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, सीडीचा काही दोष नाही. फेकू नका ती, असे जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारं स्कमव्हीएम फुकट मिळतं, ते टाका आणि सीडीवरच्या फाइल्स त्याला दाखवा, झालं. तरी डबल फाइन कंपनीची रिमास्टर्ड घ्याच असं मी म्हणेन, चित्रं नव्याने काढलीयत, आवाज सुधारलाय, मूळ टीमची कॉमेंट्री आहे आणि नवं रूप नाही आवडलं तर एक बटण दाबलं की जुने पिक्सेल हजर, मी तर निम्मा वेळ तेच करत बसतो. आणि हो, गेममधल्या कॉम्प्युटरवर याच्या आधीचा गेम, १९८७चा अख्खा 'मॅनियाक मॅन्शन', खेळता येतो, रिमास्टर्डमध्ये तोही ठेवलाय!