काठमांडूत चार दिवस आहेत. कुठे राहावं आणि काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की दसऱ्याच्या सुमारास आईंना घेऊन चार दिवस काठमांडूला जाताय, हॉटेल थामेलमध्ये बघताय, आणि मधेच पोखरा उरकता येईल का. पोखरा या वेळी सोडा. रस्ता दोनशे किलोमीटरचा आणि डोंगरातला. जायला एक दिवस, यायला एक दिवस, म्हणजे अर्धी सहल गाडीतच.

तारखांचंही बघा. दसऱ्याला तिकडे दशैं असतो आणि तो कोजागिरीपर्यंत चालतो. नोकरीधंद्यासाठी आलेली माणसं आपापल्या गावी जातात, बरीच दुकानं आणि खाणावळी बंद असतात. कोजागिरी झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी गेलात तर उत्तम. पावसाने धुतलेली हवा, उत्तरेला बर्फाची रांग, आणि गर्दीही सोसवेल एवढीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुरकं इतकं असतं की हिमालय आहे हे विश्वासाने मानावं लागतं.

आता थामेल. ती गिर्यारोहकांची बाजारपेठ आहे: जाकिटं, पश्मिना, रात्री उशिरापर्यंत गाणी. आई सोबत असताना तिथे राहायचं काही कारण मला दिसत नाही. बागमतीच्या पलीकडे पाटण आहे (सरकारी नाव ललितपूर), तिथे जुन्या नेवारी (नेवार म्हणजे या खोऱ्यातले मूळ रहिवासी) घरांची छोटी अतिथीगृहं झाली आहेत. फक्त जिने अरुंद आणि उभे असतात, त्यामुळे खोली खालच्या मजल्यावरची मागा.

पाटण सुचवण्याचं खरं कारण वेगळं आहे. आपण ‘काठमांडू’ म्हणतो ते खोरं आहे आणि त्यात तीन जुन्या राजधान्या आहेत. पंधराव्या शतकात यक्ष मल्ल या राजानंतर राज्याच्या वाटण्या झाल्या, आणि काठमांडू, पाटण, भक्तपूर इथल्या भाऊबंदांनी पुढची अडीच-तीनशे वर्षं एकमेकांवर कुरघोडी करण्यात घालवली. लढाया झाल्याच, पण चढाओढ देवळांचीही झाली. म्हणून तीन दरबार चौक, एकापेक्षा एक. गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाहाने 1768-69 मध्ये तिन्ही राज्यं घेतली, राजधानी काठमांडूला नेली, आणि उरलेली दोन शहरं त्यामुळेच थोडी बचावली असं माझं मत.

पाटणच्या चौकात सिद्धिनरसिंह मल्लाने 1637 मध्ये बांधलेलं कृष्णमंदिर पाहा. आजूबाजूला सगळं विटा-लाकडाचं आणि हे मात्र दगडी शिखरांचं. एका मजल्यावर महाभारताचे प्रसंग कोरलेत, त्याच्या वरच्यावर रामायणाचे. आई एकेक प्रसंग ओळखत बसतील, घाई करू नका. राजवाड्यातलं संग्रहालय तर मी कितीही वेळा बघेन. धातूच्या मूर्ती कशा ओततात हे तिथे इतकं नीट मांडलंय की बाहेर पडल्यावर दुकानातली मूर्ती आपण वेगळ्या नजरेने उलटीपालटी करतो.

चौकाच्या उत्तर टोकाला जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. ती मंग हिटी, सहाव्या शतकापासूनचा पाणवठा. दगडी मकरमुखांतून पाणी पडतं आणि आजही बायका-पोरं कॅन भरून नेतात. खोऱ्यातल्या बऱ्याच हिटी आटल्या, ही वाहतेय. चौकाबाहेर कुठलंही बुटकं दार दिसलं की वाकून आत जा. आत वाड्याच्या चौकासारखं अंगण निघतं, पण मधोमध चैत्य असतो. ही बहाल, म्हणजे जुन्या विहारांची अंगणं, आजूबाजूला राहती घरं. कोणी हटकत नाही, पण माणसांचे फोटो विचारून काढा.

हे सगळं विटांचंच का, याचं उत्तर पायाखाली आहे. मंजुश्री या बोधिसत्त्वाने तलवारीने खोऱ्याच्या दक्षिणेची चोभारची खिंड कापून सरोवर रिकामं केलं अशी कथा सांगतात. भूगर्भशास्त्रही म्हणतं की इथे खरंच तळं होतं. त्याच्या गाळाने भात दिला, विटा दिल्या, शहरं दिली. आणि 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात त्याच मऊ गाळामुळे इथले हेलकावे वाढले. काठमांडूला ज्याच्यावरून नाव पडलं ते काष्ठमंडप, म्हणजे जुनं लाकडी विश्रामगृह, पूर्ण कोसळलं. पुन्हा बांधण्याआधी पाया उकरला तेव्हा तो सातव्या शतकातला निघाला, म्हणजे समजत होते त्याहून कितीतरी जुना. आज उभं आहे ते नवं लाकूड, पण जुन्या पद्धतीने जोडलेलं.

एक रात्र भक्तपूरला काढाच. दिवसाच्या सहली संध्याकाळी परततात आणि मग चौक गावकऱ्यांचा होतो. भूपतींद्र मल्लाचं 1702 चं न्यातपोल मंदिर पाच छपरांचं आहे, 1934 आणि 2015 चे दोन्ही भूकंप त्याने पचवले. पायऱ्यांवर खाली दोन पैलवान, मग हत्ती, सिंह, शार्दूल आणि सर्वांत वर व्याघ्रिणी-सिंहिणी. प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान मानतात. मातीच्या वाडग्यातलं म्हशीच्या दुधाचं जुजु धौ, म्हणजे तिथलं प्रसिद्ध दही, तिथेच खा. काठमांडूत मिळतं, पण तेवढं दाट नाही लागत.

शाकाहारी असाल तर मोमो मागताना ‘भेज’ असं स्पष्ट सांगा, कारण ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस आणि ते सर्रास असतं. बारा हा डाळीच्या वाटणाचा जाडसर घावन आईंना आवडेल, पण वर अंडं किंवा खिमा नको हे आधीच सांगावं लागतं.

पशुपतिनाथाला पहाटे जा. गाभाऱ्याच्या आवारात फोटोला बंदी आहे. खाली आर्यघाटावर चिता जळत असतात, तिथे कॅमेरा काढणारे पर्यटक बघून मला संताप येतो. स्वयंभू या टेकडीवरच्या स्तूपाला पूर्वेकडून 365 पायऱ्या आहेत. आईंसाठी मागच्या बाजूने टॅक्सी जवळजवळ वरपर्यंत जाते. बौद्धनाथच्या मोठ्या स्तूपाला संध्याकाळ ठेवा, प्रदक्षिणा सपाटीवर आहे.

कागदपत्रं: व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधारवर विसंबू नका. दरबार चौकांच्या तिकिटात सार्क देशांना सवलत आहे, म्हणून ओळखपत्र खिशातच ठेवा. आपला एक रुपया म्हणजे तिथले 1.60, हा दर ठरलेला आहे. आपल्या शंभराच्या नोटा चालतात. पाचशेच्या नोटांचे नियम बदलत आलेत, निघण्याआधी ताजा नियम पाहून घ्या. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. परतीच्या तिकिटावरची सुटण्याची वेळ तिथली आहे, विमानतळावर निघताना तेवढं ध्यानात असू द्या.